फिश टँकमधील संथ वाढणाऱ्या वनस्पती : निगा आणि व्यापार

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातील एखाद्या लहान दुकानापर्यंत, रंगीत मासे विकणाऱ्यांकडे आता एक निराळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याला प्लॅस्टिकची हिरवी-गुलाबी झाडे नको असतात. टाकीत जिवंत वनस्पती हवी असते, आणि तीही दर आठवड्याला कात्री चालवावी लागणार नाही अशी. दुकानदार चार रोपे बांधून देतो, पैसे घेतो. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक रोप मेल्याची तक्रार घेऊन येते, आणि त्यानंतर येतच नाही. मासे ठेवणारा माणूस खाद्य, औषध, फिल्टर, पंपाच्या नळ्या असा माल वर्षानुवर्षे घेत राहतो. एका रोपापायी असे गिऱ्हाईक तुटणे हे त्या रोपाच्या किमतीपेक्षा फार मोठे नुकसान आहे.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. पण पेढीवर बरीच वर्षे टाकी आहे, आणि तिच्यातली काही झाडे आमच्या कित्येक खातेवह्यांपेक्षा जुनी आहेत. या धंद्यात शिरू पाहणारे तरुण आमच्याकडे चौकशी करतात, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. संथ वाढणारी रोपे उपासमारीने क्वचितच मरतात. जादा उजेड, जादा खत, खोड वाळूत गाडणे आणि सारखे उपटून पाहणे या चार कारणांनी ती मरतात. म्हणजे घाई हाच त्यांचा मुख्य रोग आहे.

बाजारात अशा वनस्पतींचे चार प्रकार प्रामुख्याने मिळतात. अनुबियास ही पश्चिम व मध्य आफ्रिकेतील, जंगलातल्या ओढ्यांच्या काठी सावलीत वाढणारी. जाड, गडद हिरव्या पानांची. तिच्यातली 'नाना' नावाची बुटकी जात सर्वांत जास्त खपते. जावा फर्न हे आग्नेय आशियातील नेचे असून दगड-लाकडाला चिकटून वाढते. बुसेफलँड्रा, जिला दुकानदार नुसते 'बुसे' म्हणतात, ती बोर्निओ बेटावरच्या वाहत्या ओढ्यांतील खडकांवरची. चौथी क्रिप्टोकोरिन म्हणजे 'क्रिप्ट'. तिच्या पुष्कळ जाती आशियात आहेत. दुकानात मिळणारी वेंटी ही जात श्रीलंकेची. जावा फर्न सोडले तर बाकी तिन्ही आपल्या अळू-सुरणाच्या कुळातल्या आहेत. अळूने घसा खवखवतो तो पानातील सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. या कुळातल्या बहुतेक वनस्पतींच्या अंगी ते असतात. अनुबियासचे पान तर शिवाय चामड्यासारखे चिवट. म्हणून गोल्डफिश बाकी टाकी साफ करतो, पण अनुबियासला आणि जावा फर्नला सहसा तोंड लावत नाही.

ही झाडे इतकी हळू का वाढतात, हे कळले की निगा अर्धी समजली. वनस्पतीचे मुख्य अन्न कार्बन डायऑक्साइड वायू. हा वायू हवेत जितक्या झपाट्याने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. म्हणून बुडालेल्या पानाला तो थोडाथोडा मिळतो. हायड्रिलासारखी गवते पातळ, स्वस्त पाने भराभर काढतात आणि भराभर टाकून देतात. अनुबियासचा दस्तूर उलटा आहे. ती एक पान काढायला तीन-चार आठवडे घेते, पण ते पान वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकवते. कमी मिळकतीत खर्च बेताचा ठेवून चालणारे हे घर आहे. अशा घरावर उजेडाचा आणि खताचा मारा केला तरी त्याचा खर्च वाढत नाही. उरलेले सारे शेवाळ खाते.

बांधणी

अनुबियास, जावा फर्न आणि बुसे यांना आल्यासारखे आडवे खोड असते. त्यातून वर पाने आणि खाली मुळे फुटतात. नवा माणूस हे रोप भाजीच्या रोपासारखे वाळूत खोचतो. खोड गाडले गेले की ते आतून मऊ पडते, कुजते, आणि मग पाने एकेक करून देठासकट सुटून वर तरंगू लागतात. खोड नेहमी उघडे राहिले पाहिजे. मुळे वाळूत गेली तर हरकत नाही. सर्वांत सोपे म्हणजे रोप लाकडाच्या किंवा दगडाच्या तुकड्यावर बांधावे.

बांधायला दोरा कोणता घ्यावा, याबाबत मात्र आम्ही अधिकाराने सांगू शकतो. पुष्कळ लोक सुती दोरा सुचवतात, कारण तो पुढे आपोआप कुजून जातो. जावा फर्नची मुळे लवकर पकड घेतात, तेथे तो चालतो. अनुबियासला दगड धरायला काही महिने लागतात. सुती दोरा त्याआधीच पाण्यात गळून जातो आणि रोप सुटून फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसते. रंगीत सुती दोऱ्याचा रंग उतरण्याची धास्ती वेगळी. शिलाईचा काळा किंवा गडद तपकिरी पॉलिस्टर दोरा घ्यावा. तो कुजत नाही, दिसत नाही आणि एका रिळात शंभर रोपे बांधून होतात. दोरा खोडात रुतेल असा आवळू नये. घाई असेल तर फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद चालतो. थेंबभर गोंद दगडावर टाकून मुळे त्यावर अर्धा मिनिट दाबून धरावीत. तो पाण्यात पांढरा पडतो, पण सुकल्यावर माशांना अपाय करत नाही.

क्रिप्टची गोष्ट निराळी आहे. तिची मुळे खोल जातात आणि अन्नही मुख्यतः मुळांवाटे घेतात. ती वाळूतच लावावी, पाने जेथून फुटतात तो गाभा मात्र वर ठेवावा. एकदा लावली की तिची जागा बदलू नये.

उजेड आणि शेवाळ

या झाडांचा खरा वैरी शेवाळ आहे. ते का, हे वरच्या हिशेबातच आले. वर्षभर जागेवर राहणारे पान म्हणजे शेवाळाला मिळालेले कायमचे घर. पानावर हिरवे टणक ठिपके येतात. त्याहून वाईट म्हणजे पानाच्या कडांना काळ्या दाढीसारखे केस फुटतात. दिसायला काळे असले तरी ते तांबड्या शेवाळांच्या वर्गातले आहे, आणि एकदा बसले की बोटाने निघत नाही. गिऱ्हाईक ते पाहून समजते की झाडाला उजेड कमी पडतो आहे, आणि दुसरा दिवा आणून लावते. तेथून पुढची कथा सांगायला नको.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत सुमारे ७० लिटर पाणी मावते. अशा टाकीला या चार झाडांसाठी दहा-बारा वॉटचा एक साधा पांढरा एलईडी दिवा पुरतो. दिवसातून सहा ते सात तास, आणि वेळ ठरलेली असावी. आज चार तास, उद्या पाहुणे आले म्हणून बारा तास, असे करू नये. लोकल टायमर मिळो की चांगला मिळो, तो लावावाच. विजेचा खर्चही हिशेबात घ्या : बारा वॉटचा दिवा सात तास रोज म्हणजे महिन्याला अडीच युनिट. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. दिव्यावर बटण असते, सूर्यावर नाही.

नव्या टाकीत पहिले दोन-तीन महिने धोक्याचे. पाण्यात माशांच्या विष्ठेतून निघालेले क्षार असतात आणि ते शोषणारे कोणी नसते. म्हणून आमची सूचना अशी की अनुबियाससोबत सुरुवातीला थोडे हायड्रिला किंवा वॉटर विस्टेरिया मुद्दाम लावावे. ही दोन्ही आपल्या देशातलीच, झपाट्याने वाढणारी आणि स्वस्त आहेत. पाण्यातले जादा खत ती खाऊन टाकतात आणि वरून थोडी सावलीही देतात. टाकी स्थिरावली की ती हळूहळू कमी करावीत. दुकानदाराने संथ रोप विकताना वीस रुपयांची ही जुडी सोबत द्यावीच, फुकट दिली तरी चालेल.

काळे शेवाळ बसलेच तर सर्वांत खराब पान खोडापाशी कापून टाकावे. बाकी पानांसाठी लाकूड किंवा दगड रोपासकट बाहेर काढावा. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड कुंचल्याने शेवाळावरच लावावे, दोन-तीन मिनिटे थांबून धुवावे आणि परत ठेवावे. काही दिवसांत शेवाळ गुलाबी-पांढरे पडून मरते. दिव्याची वेळ कमी न करता हा उपाय केला तर महिन्याभरात तेच परत येते. शेवाळ खाईल म्हणून सकर मासा सोडण्याचा सल्लाही दिला जातो. लहानपणी तो काम करतो. पुढे फूटभराचा होतो, रुंद पाने खरवडतो, आणि मग लोक तो नदी-तलावात सोडून देतात. तेथे तो आपल्या देशी माशांच्या मुळावर उठतो. हा सल्ला दुकानदारांनी देऊ नये.

पाणी आणि खुराक

यावर फार लिहिण्यासारखे नाही. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारायला हायपो वापरावा किंवा पाणी दिवसभर उघडे ठेवावे. मुंबईचे तलावाचे पाणी मृदू आहे आणि या झाडांना मानवते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असते. अनुबियास, जावा फर्न आणि वेंटी क्रिप्ट तेही निभावून नेतात. बुसेच्या बाबतीत मात्र जपावे. पाण्याचे तापमान २२ ते २८ अंश असावे. मे महिन्यात ते वर जाते तेव्हा टाकीचे झाकण उघडून पृष्ठभागावर लहान पंखा लावला की दोन-तीन अंश उतरते. पंख्याने पाणी लवकर आटते, तेवढी भर घालत राहावी.

पातळ खत बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे द्यावे. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडली तर पोटॅशियम कमी आहे, नवे पान पिवळे निघाले तर बहुधा लोह कमी आहे. शेतीचे युरिया किंवा डीएपी चिमूटभरही टाकू नये. त्यातून अमोनिया होतो आणि मासे मरतात. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे या झाडांना लागत नाही. ते लावल्याने वाढ सुधारते हे खरे, पण ते विकण्यासाठी गिऱ्हाईकाला घाबरवणे बरे नव्हे.

मालाची खोट आणि दुकानदाराचे तोंड

आता व्यापाराकडे येऊ. या मालात दोन ठिकाणी बोलणे आवश्यक असते आणि दुकानदार गप्प बसतो.

पहिले ठिकाण क्रिप्टचे. नर्सऱ्यांमध्ये ही रोपे बहुधा पाण्याबाहेर, ओलसर हवेत वाढवतात, कारण हवेत वाढ लवकर होते आणि शेवाळ लागत नाही. टाकीत गेल्यावर ती हवेतली पाने क्रिप्टच्या कामाची राहत नाहीत. आठ-दहा दिवसांत ती काचेसारखी होऊन अक्षरशः विरघळतात. पाणी, उजेड किंवा जागा एकदम बदलली तर जुन्या क्रिप्टचेही असेच होते. पाहणाऱ्याला वाटते रोप मेले. प्रत्यक्षात मुळे आणि गाभा जिवंत असतो, आणि तीन ते सहा आठवड्यांत नवी, पाण्याची पाने येतात. सडलेली पाने काढून टाकायची आणि मुळांना हात लावायचा नाही, एवढेच काम असते. ही गोष्ट विकतानाच सांगितली तर गिऱ्हाईक वाट पाहते. न सांगता विकली तर ते जिवंत रोप कचऱ्यात टाकते आणि दुकानदाराला लबाड म्हणते. जावा फर्नचेही तसेच. पानाच्या मागे ओळीने येणारे काळपट ठिपके हा रोग नव्हे, ती नेच्याची बीजुके आहेत. जुन्या पानाच्या टोकाला फुटलेली बारीक मुळे म्हणजे नवे पिल्लू आहे.

दुसरे ठिकाण अधिक गंभीर. ड्रेसिना, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, फिटोनिया ही कुंडीत लावायची झाडे कित्येक दुकानांत 'पाण्यातली' म्हणून टाकीत बुडवून ठेवलेली दिसतात. पाने रंगीबेरंगी, दर कमी. ती पाण्याखाली जगत नाहीत. पण मरतात मात्र सावकाश, महिना-दीड महिना घेऊन, आणि सडताना पाणी बिघडवतात. गिऱ्हाईकाला वाटते आपल्यालाच झाडे जगवता येत नाहीत, आणि ते हा नादच सोडून देते. पॉलिस्टरचा तागा सुती म्हणून विकण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की कापडाची खोट पहिल्या धुण्यात उघडी पडते. ज्याला या बाजारात साख करायची आहे, त्याने हा माल दुकानात ठेवायचा असेल तर कुंडीत ठेवावा आणि कुंडीचा म्हणूनच विकावा.

खरेदी करताना मात्र आपली नजर पानांवर नको, खोडावर हवी. अनुबियासचे खोड बोटाने दाबून पाहावे. ते गाजरासारखे टणक असले पाहिजे. मऊ, पिवळट किंवा वास येणारे रोप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. ही कूज एका रोपावरून दुसऱ्यावर जाते. घरात आलेल्या रोपाला लागली तर नव्या ब्लेडने निरोगी, कोरा भाग दिसेपर्यंत कापत जावे आणि उरलेला तुकडा वेगळ्या भांड्यात ठेवावा. नवा माल दोन आठवडे निराळ्या टाकीत ठेवण्याची शिस्त पाळावी. तेवढ्यात गोगलगायीची अंडीही कळून येतात.

जंगलातून आणलेला स्वस्त माल कोणी देऊ केला तर तोही टाळावा. बोर्निओच्या ओढ्यांतून बुसे पोत्याने खरवडून आणली गेली आहे. आपल्या पश्चिम घाटात आणि कोकणातही क्रिप्टच्या काही जाती ओढ्यांत आपसूक उगवतात. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून परवानगीवाचून रोप उपटणे हा गुन्हा आहे. शिवाय जे रोप एक पान काढायला महिना लावते, त्याचा ओढा पुन्हा भरायला किती वर्षे लागतील याचा विचार करावा. डेन्मार्कमध्ये होल्गर विंडेलोव्ह यांनी १९७० साली ट्रोपिका ही पाणवनस्पतींची नर्सरी काढली. फाटे फुटलेल्या टोकांचे जावा फर्न आजही त्यांच्याच नावाने विकले जाते. आता प्रयोगशाळेत बंद डबीत वाढवलेली रोपेही मिळतात. ती महाग व लहान असतात, पण शेवाळ, गोगलगाय, कूज यांपासून मुक्त असतात. मातृरोपांचा पहिला साठा त्यातूनच घ्यावा असे आमचे मत आहे.

हिशेब

साठा स्वतः वाढवून विकण्याचा विचार करणाऱ्यांसाठी थोडे गणित मांडतो. समजा, कोणी अनुबियास नानाची चाळीस मातृरोपे ठेवली. महिन्याला एक पान धरले तर वर्षात एका रोपाला बारा पाने. काही पाने गळणार, काही आईपाशी ठेवावी लागणार. विकाऊ तुकड्याला निदान चार पाने हवीत. म्हणजे एका रोपापासून वर्षाला दोन तुकडे. चाळिसांचे ऐंशी. तुकड्याला दीडशे रुपये आले असे धरले तर बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये. त्यातून दिवा, पाणी आणि मेलेली रोपे वजा करा. एवढ्यावर संसार चालत नाही. उसने भांडवल घेऊन यात पडणाऱ्याला आम्ही साफ नाही म्हणू. येथे पैसा आठ-दहा महिने अडकून राहतो, आणि उसनवारीचा वायदा तितका थांबत नाही.

पण ज्याचे माशांचे दुकान आधीच चालू आहे, किंवा घरी गच्चीवर सावलीची जागा आहे, त्याच्यासाठी हा जोडधंदा चांगला आहे. त्याचे कारण आम्हाला कापडवाल्यांना चटकन कळते. आमचा न खपलेला तागा घडीवर फिका पडतो आणि पुढच्या हंगामात जुना ठरतो. न खपलेल्या अनुबियासला तोवर आणखी एक पान येते.

वाढ लवकर हवी असेल तर मातृरोपे पाण्याबाहेर ठेवावीत. पसरट ट्रेमध्ये ओली खडी, त्यावर बांधलेली रोपे, मुळांपर्यंत पाणी आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिकचे झाकण. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा द्यावी. अनुबियासची ही हवेतली पाने पुढे पाण्यातही टिकतात, त्यामुळे क्रिप्टसारखी तक्रार येत नाही. तुकडे करताना धारदार ब्लेडने एकाच कापात खोड तोडावे, आणि कापलेला तुकडा लगेच विकू नये. तीन-चार आठवडे थांबून नवा कोंब दिसला की मगच तो माल झाला.

बाहेरगावी पाठवताना रोप पाण्याने भरलेल्या पिशवीत घालू नये. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, जादा पाणी निथळून, हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावे. अशा बांधणीत अनुबियास आणि जावा फर्न तीन-चार दिवस सहज निभावतात. एप्रिल-मे महिन्यांत पार्सल टाळावे, कारण तापलेल्या डब्यात खोडाची कूज सुरू होते. आणि पार्सलमध्ये एक चिठ्ठी जरूर टाकावी : पिशवी त्याच दिवशी उघडा, खोड गाडू नका, दिवा सात तासांच्या वर नको, क्रिप्टची पाने विरघळली तर रोप टाकू नका.